रविवारची उघडी कबर

या, शेगडीजवळ सरका. टेगविनची गोष्ट सांगते, पण मधे उठायचं नाही. आमच्या या वेल्सच्या खोऱ्यात माणसाला त्याच्या धंद्यानेच ओळखतात. दूधवाला डाय, तसा कबरवाला टेगविन.

त्या शनिवारी सकाळी तो म्हाताऱ्या इदवालची कबर खणत कमरेइतका आत गेला होता. दफन दुपारी. कबरस्तानाला लागूनच आमचं चॅपल, म्हणजे प्रार्थनाघर; मी त्याच्या पायऱ्या झाडत होते. फावड्याखाली काहीतरी किणकिणलं आणि तो वर आला. तळहातावर काळवंडलेला चमचा. छोटीशी गोल वाटी, दांडा सुईसारखा निमुळता.

"खिशात टाक नि खणत राहा," मी म्हटलं. "जगात चमच्यांचा काय दुष्काळ पडलाय?"

"मढ्याच्या जागेतलं उचलू? घरी मोरफिद तशी पडलेली असताना?"

मोरफिद त्याची बायको. तिची छाती कफाने भरली होती. भिंतीपलीकडच्या घरातला तिचा खोकला कबरस्तानात ऐकू येई.

चॅपलच्या पाळकसाहेबांनी म्युझियमला फोन केला. म्युझियमची बाई आली आणि चमचा पाहून खड्ड्याच्या काठावर गुडघेच टेकून बसली. चमचा चांदीचा होता, रोमन लोकांच्या वेळचा. खाली आणखी काही असणार, म्हणून मंगळवारी तिची माणसं येईपर्यंत एक ढेकूळही हलवायचं नाही, म्हणाली. इदवालचं दफन बुधवारवर गेलं.

टेगविनच्या तोंडचं पाणी पळालं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे: रविवारी कबर उघडी राहिली, की ती गावातलं आणखी एक माणूस मागते.

"माती तरी लोटू द्या, बाई. मंगळवारी सगळी उपसून देतो."

"नको ना आजोबा, थर बिघडतील. फळ्यांनी झाकू या."

"फळ्यांनी काय होतंय!"

पाळकसाहेब हसले. "अरे, जन्मभर प्रवचन ऐकलंस आणि खड्ड्याला भितोस?"

"प्रवचन मी ऐकलं, साहेब. खड्ड्यानं कुठं ऐकलंय?"

रविवारी प्रार्थनेला टेगविन दिसला नाही. मी मागच्या दाराने बाहेर गेले. फळ्या बाजूला केलेल्या, आणि खड्ड्यातून त्याची टोपी तेवढी वर दिसत होती. म्युझियमच्या बाईची माती दुखावू नये म्हणून तळाशी एक फळी आडवी टाकून तो तिच्यावर पाय वर घेऊन बसला होता. गुडघे हातांनी घट्ट धरलेले.

"आता रिकामी नाही ना ही," तो म्हणाला. "मागायचंच असेल, तर समोर आहे त्याला मागेल. तू जा. प्रवचन चुकेल."

मी पाळकसाहेबांच्या कानात सांगितलं. या वेळी ते हसले नाहीत. स्वतः जाऊन त्यांनी कबरस्तानाच्या बाजूच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. गारठा आत आला, लोकांनी कोट आवळून घेतले.

प्रवचनं मी पुष्कळ ऐकली; तसं एकही नाही. आधी साधं बोलणं, मग शब्द हेलकावे घेऊ लागले, मग बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते देवच जाणे. तो सूर खिडकीतून खाली त्या खड्ड्यात उतरत होता आणि पलीकडून मोरफिदचा खोकला वर येत होता.

मग खोकला थांबला.

पाळकसाहेबांचा सूर तुटला. खिडकीतून मला दिसलं, टेगविन खड्ड्यात ताठ उभा राहिला होता, तोंड घराकडे. देवा, मी मनात म्हटलं, देवा, देवा.

खोकला आला. टेगविन पुन्हा खाली बसला. पाळकसाहेबांनी डोळे पुसले आणि तुटला होता तिथूनच सूर उचलला.

दिवस मावळेपर्यंत तो तिथे बसून होता.

मोरफिद त्या दुखण्यातून उठली; टेगविन गेला तो पुढे कधीतरी, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्याची कबर खणायला शेजारच्या गावचा माणूस आणावा लागला. मोरफिद काठी टेकत काठाशी येऊन उभी राहिली. "आजच्या आज बुजव हं, बाळा," एवढंच त्याला म्हणाली, आणि शेवटचं ढेकूळ पडेपर्यंत तिथून हलली नाही.

रात्री प्रार्थनेत आपल्या माणसांची नावं घ्याल ना, तेव्हा टेगविनचंही एकदा घ्या.