गळू नव्हतंच ते

करमाडच्या माळावर सूर्यभान धनगराच्या हाताचा लई गवगवा. मेंढीला गळू झालं की पातं तापवायचं, एक चीर द्यायची, वर राख दाबायची. चौथ्या दिवशी मेंढी चरायला मोकळी. या कौतुकानं त्याची अक्कल पार खाल्ली होती, पण ते त्याला सांगणार कोण?

त्याची सात वर्षांची नात राजी. कंबरेपर्यंत केस, मायनं तेल घालघालून वाढवलेले. आधी डोक्यात कोंडा धरलेला चट्टा पडला, तिथले केस तुटले, मग पुवानं भरलेला मऊ फुगवटा आला. सून बानाबाई म्हणाली, "मामंजी, औरंगाबादला दाखवू या."

"गप! गळवासाठी डॉक्टर? लोकं हसतील मला."

अन् त्यानं पोरीला गुडघ्यांत दाबून चिरलं. पू बेताचाच निघाला, रक्त मात्र थांबेना. पोर दोन दिवस तापानं फणफणली, तेव्हा कुठं एसटी धरली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जखमेच्या कडेचे दोन केस चिमट्यानं उपटले, काचेवर औषधाच्या थेंबात ठेवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले.

"बुरशी आहे ही. जनावरांच्या अंगावरून येते. गळू नव्हतंच ते! दोन महिने दुधाबरोबर गोळ्या घेतल्या असत्या तर बहुतेक सगळे केस परत आले असते. आता गोळ्या देते, बाकी डोकं बरं होईल. पण चिरलंय तिथं जन्मभर केस येणार नाहीत. कुणी केला हा शहाणपणा?"

सूर्यभान तोंड उघडणार, तोच बानाबाई म्हणाली, "म्या केला, बाई."

मग काय झापलं तिला! आई आहेस का कसाई, इथपर्यंत. तिनं मान खाली घालून सगळं ऐकलं. सासऱ्याची अब्रू राखली बिचारीनं, आणि हा बाबा भिंतीला टेकून मुका! लाज वाटली त्याला, नाही असं नाही. परतीच्या वाटेवर जीव नुसता जळत होता. गावात गेल्या गेल्या खरं सांगून टाकायचं, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

करमाडला उतरले तर समोरच शेजारची दगडाबाई. पोरीच्या डोक्याची पट्टी बघून तिनं कपाळावर हात मारला. "अगं बया! कुणी केलं हे?"

बानाबाईनं सासऱ्याकडं पाहिलं. राजीनंही पाहिलं.

"हिच्या मायनं," सूर्यभान म्हणाला. "बायांना दम कुठं असतोय?"