इंद्राणीचे गाणे आणि मी

मित्रांनो, मला पाहून पुष्कळांना वाटते, ही तर कुंपणाची कांब! तसे वाटणे साहजिक आहे. मी एक जुना धनताल आहे. कमरेएवढ्या उंचीचा लोखंडी गज आणि तो वाजवायला घोड्याच्या नालेसारखा वाकवलेला एक तुकडा, एवढाच माझा संसार. एका हाताने मला उभे धरायचे, दुसऱ्याने ठोकायचे. मूठ आवळली की माझा आवाज दबतो, सैल सोडली की घुमतो. लग्नघरात ढोलकी चुकली तर खपते. मी चुकलो तर सगळे गाणे कोलमडते.

समुद्रापारच्या गयाना देशात, बर्बिसच्या किनाऱ्यावर एका ऊसमळ्यात मी बैलगाडीचा आस होतो. गाडी मोडली तेव्हा भिखारी नावाच्या लोहाराने मला भट्टीत घातले आणि ठोकून ठोकून सरळ केले. त्याचा आजा उसाच्या मजुरीसाठी भारतातून जहाजाने आला होता, पण कोणते गाव सोडून, ते भिखारीला ठाऊक नव्हते. भारतात असे वाद्य असते की नाही, हेही त्याला सांगता येत नसे. "असेल नाहीतर नसेल, आपल्याकडं आहे ना," असे म्हणून त्याने मला पाण्यात बुडवले. तो चर्र आवाज मला अजून आठवतो.

तिथून मी रामोतारच्या घरी आलो. रामोतार कालव्याच्या पंपावर कामाला होता. त्याच्यासारखा धनताल वाजवणारा आसपासच्या दहा गावांत नव्हता. त्याची बायको इंद्राणी गात असे. ती हळदीची गाणी म्हणू लागली की फुलोरीची भजी तळणाऱ्या बायका झारा हातात धरून तशाच उभ्या राहत. मी असायचो रामोतारच्या हातात, पण जायचो तिच्या आवाजामागून.

आमचे घर खांबांवर उभे होते. घराखालच्या मोकळ्या जागेत दर रविवारी दुपारी मंडळी जमत. पार्बती टीचर कविता लिहीत. हरदत्त दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि उरलेल्या रंगांत चित्रे काढायचा. या दोघांनी रामोतारबरोबर एक कार्यक्रम बसवायला घेतला होता. पणज्यांच्या जहाजापासून आजपर्यंतची आपली गोष्ट आपल्याच गाण्यांत सांगायची, असा बेत होता. पण गाणी कमी आणि वादच जास्त होत.

"आपण आहोत तरी कोण?" हरदत्त एकदा म्हणाला. "इथं भांडण झालं की आपण कूली. माझा भाचा टोरांटोला गेला, तर तिथं आलेले भारतातले लोक त्याला म्हणतात, तुला हिंदी येत नाही, तू कसला हिंदुस्थानी?"

"तुझ्या भाच्याला इंग्रजी तरी कुठं येतं?" पार्बती टीचर म्हणाल्या. "मीच शिकवलंय त्याला."

सगळे हसले. मग रामोतारने मला उचलून धरले. "हा बघा. काल गाडीचा आस होता, आज गातो. ह्याला कुणी विचारतं का, तू मूळचा कुठला? आपण असेच. कुणाची नक्कल नाही!"

मित्रांनो, त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

इंद्राणी दालपुरी आणि आंब्याचे लोणचे वाढून जिन्याच्या पायरीवर बसायची. बोलायची नाही. मंडळींना वाटे, लाजते. मला कारण माहीत होते. मंडळी गेल्यावर वरच्या खोलीत काय चालते, हे कोपऱ्यात उभा असलेला मी ऐकत असे. कधी कालवण खारट झाले म्हणून, तर कधी हरदत्तच्या विनोदाला ती हसली म्हणून. अशा वेळी शेजारच्या घरातला रेडिओ मोठा होत असे.

एका रविवारी टीचर तिला म्हणाल्या, "अगं इंद्राणी, ही सगळी पुरुषांचीच गोष्ट झाली. बायका काय जहाजात सामान म्हणून आल्या होत्या? तुझ्या आजीनं काही सांगितलं असेल बघ. त्याचं गाणं कर ना."

पंधरा दिवस ती कपडे धुताना गुणगुणत होती. मग तिने ते सर्वांसमोर म्हटले. तिच्या आजीच्या बहिणीला नवऱ्याने ऊसतोडीच्या कोयत्याने मारले होते. गाणे त्या बहिणीच्याच तोंडचे होते:

काळं पाणी ओलांडलं, पाण्याला मी भ्याले नाही,
उसाचं पातं कापून गेलं, रक्ताला मी भ्याले नाही,
आतून कडी लावलीस रे, तेव्हा मात्र भ्याले.

हरदत्त म्हणाला, "गाणं चांगलंय, वहिनी. पण आपली लाज आपणच चव्हाट्यावर का आणायची? आधीच लोक म्हणतात, ह्यांचे पुरुष रम पितात आणि बायकांना मारतात."

"मारतात म्हणून म्हणतात!" टीचर कडाडल्या. "वारसा म्हणजे काय नुसती फुलोरी आणि ढोलकी? हेसुद्धा आपणच आणलंय बोटीतून."

"टीचर बरोबर बोलतायत," रामोतार उठून म्हणाला. "गाणं होणार. माझी बायको गाणार आणि मी वाजवणार!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इंद्राणीने मात्र मान वर केली नाही.

मंडळी गेली. अंगणात अजून ऊन होते. रामोतार मला घेऊनच जिना चढला.

"कुणाला बोललीस तू ते? सगळ्यांसमोर कुणाला?"

"आजीच्या बहिणीचं आहे हो ते."

"मला शिकवतेस?"

मित्रांनो, लोखंडाला अंग चोरता येत नाही. मला निसटता आले नाही, वाकता आले नाही. तिने डोके वाचवायला डावा हात वर केला. तिच्या मनगटाचा आवाज मी ऐकला. तो माझ्यामुळे झाला होता. शेजारचा रेडिओ मोठा झाला.

पुढच्या रविवारी तिचा हात झोळीत होता.

"जिन्यावरून पडली," रामोतार म्हणाला.

"पावसात पायऱ्या निसरड्या होतात," हरदत्त जमिनीकडे पाहत म्हणाला. तीन आठवडे पाऊस नव्हता.

"इंद्राणी, पडलीस?" टीचरनी विचारले.

"हो, टीचर."

टीचरनी तिच्या झोळीकडे पाहिले. मग त्यांनी कागद उचलला. "चला. कुठवर आलो होतो आपण?"

आपण कोण, इथवर ते आले होते. तिथूनच पुढे बोलू लागले.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी इंद्राणीने एका हाताने कपड्यांचे गाठोडे बांधले आणि बोटीने नदीपलीकडे बहिणीकडे निघून गेली. मला वाटले, आता रामोतार सगळ्यांना काय सांगेल? शाळेच्या सभागृहात रामोतारने सांगितले, बायकोला ताप आहे. तिचे गाणे टीचरनी म्हटले. तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज फाटला. रामोतारचा ठेका एकदाही चुकला नाही. त्याच मुठीत मी होतो. ठोकले की वाजायचे, एवढेच मला येते. त्या दिवशी मी उत्तम वाजलो. लोक उभे राहिले, कितीतरी जण रडले. टाळ्या थांबेनात. मला फुटून जावेसे वाटले, पण माझे लोखंड चांगले होते.

नंतर बरीच वर्षे गेली. रामोतार वारला. आता मी शहरातल्या जुन्या वस्तूंच्या दालनात काचेमागे उभा आहे. समुद्राच्या हवेने मला गंज चढतो आहे. माझ्यापुढची पाटी हरदत्तने सुरेख अक्षरांत रंगवली आहे: 'थोर वादक रामोतार यांचा धनताल. आपल्या वारशाची खूण.' इंद्राणीचे नाव तिथे नाही.

गेल्या वर्षी ती आली. केस पांढरे झाले होते, तरी मी ओळखले. बरोबर बहिणीची नात होती. मुलीने पाटी मोठ्याने वाचली.

"आजी, हे कसं वाजतं गं?"

"चांगलं वाजतं."

"तू ऐकलंयस?"

"ऐकलंय."

तिचा डावा हात मुलीच्या खांद्यावर होता. मनगट वाकडेच जुळले होते. मला वाटले, तिने काचेवर काहीतरी आपटावे, ओरडावे, त्या पाटीवर थुंकावे. ती फक्त म्हणाली, "चल, पुढं बघू," आणि दोघी गेल्या. तिची माफीही मला मागता आली नाही.

मित्रांनो, माझा गंज पुसा, मला तेल लावा, असे मी तुम्हांला सांगणार नाही. पण तुमच्या ओळखीचे कुणी हात झोळीत घालून आले आणि 'पडले' म्हणाले, तर एकदा विचारून गप्प बसू नका. पुन्हा विचारा. हवे तर नुसते तिच्याजवळ बसून राहा, पण लगेच उठून जाऊ नका. मला तोंड नव्हते. त्या घराखाली बसलेल्यांना होते.