रस्त्याची कड
चौऱ्याहत्तर साली पेट्रोल महागलं, तेव्हा वाळव्याकडच्या एका गावात पंचायतीनं दवंडी दिली, “पायी चला, सायकल वापरा!” त्याच हंगामात शाळेतून सायकलवर येणाऱ्या शेवंताचा पाय उसाच्या ट्रकखाली चिरडला. तिची आई राहीबाई ग्रामसभेत उभी राहिली.

“सायकल वापरा म्हनता, पर चालवायची कुठं? रस्ता सगळा ट्रकांचा हाय.”

सरपंच राजाराम खाली बघत म्हणाले, “रस्त्याकडंचा ऊस माझा हाय. दोन सऱ्या मोडून वाट देतो.”

वाट झाली, मुरूम पडला. पोरी सायकलवरनं शाळेला जाऊ लागल्या.

“तू बी जातीस का, काठी टेकत चालत?” राहीबाईनं लेकीला विचारलं.

“ट्रकचा आवाज आला की अंग कापतं, आये.”

राहीबाईनं दार लोटून घेतलं, तरी सायकलींच्या घंट्या आत येतच राहिल्या.