चढावरचे बाकडे

मित्रांनो, मी एक जुने लाकडी बाकडे आहे. गल्लीच्या चढावर, बरोबर मध्यावर, भिंतीला लागून उभे असते. मला एका सुताराने बनवले. त्याच्या बायकोचे गुडघे दुखत. भाजीची पिशवी घेऊन एका दमात चढणे तिला जमत नसे. शाळेच्या जुन्या फळ्या जोडून त्याने मला उभे केले. ती बसली आणि म्हणाली, "पाठ जरा तिरकी कर की!" त्याने तशी केली.

पुढे ती दोघे गेली आणि मी साऱ्या गल्लीचे झाले. माझा एक पाय कुजला तेव्हा दोन वर्षे मी विटेच्या आधाराने उभे होते. नवा पाय बसवायचे कुणाला सुचले नाही. पण बसणारे येत राहिले, मला तेवढे पुरे होते.

मग खालच्या मोकळ्या जागेवर सुपरमार्केट होणार, असे कळले. मोजमाप करणारे आले आणि त्यांनी माझ्यावर लाल फुली मारली. मालाचे ट्रक याच गल्लीतून उलटे आत येणार होते आणि मी नेमके वाटेत होते.

संध्याकाळी लोक माझ्याभोवती जमले. किराणावाले काका म्हणाले, "माझं दुकान बसलंच म्हणून समजा."

"ट्रक शाळा सुटायच्या वेळेला येणार म्हणे. पोरांनी चालायचं कुठून?" एका आईने विचारले.

"त्यांचं सगळं ठरलंय हो. आपलं कोण ऐकतंय?" कुणीतरी उसासा टाकला.

गल्लीत राहणाऱ्या निवृत्त नर्सताई पुढे आल्या. त्या म्हणाल्या, "आधी त्यांना इथं बोलावू तर खरं."

नकाशाची गुंडाळी घेऊन एक तरुण इंजिनीअर आली. ती नकाशा उलगडू लागताच नर्सताई म्हणाल्या, "ते नंतर. आधी बसा इथं, शाळा सुटेपर्यंत."

ती बसली. घंटा झाली आणि गल्ली मुलांनी भरून गेली. त्यांच्यामागून खुर्च्या विणणारे आजोबा काठी टेकत आले. त्यांना दिसत नाही. माझा हात चाचपून ते बसले.

"नवीन कोण आहे?"

"मी सुपरमार्केटची इंजिनीअर, आजोबा."

"बरं झालं भेटलात. ट्रक मागे येताना मी कुठल्या भिंतीला चिकटायचं, तेवढं सांगून ठेवा."

तिने नकाशा उघडला. बोटाने ही गल्ली शोधली. मग हळूच म्हणाली, "यात ही गल्ली रिकामीच दाखवलीय."

ती आपल्या वरिष्ठांशी भांडली असणार, कारण महिन्याभरात ट्रकचे फाटक मोठ्या रस्त्याकडे गेले. एका सकाळी ती स्वतः आली, माझ्यावरची फुली घासून काढली आणि मला नवा पाय बसवून घेतला.

सुपरमार्केट झाले. काकांची गिऱ्हाइके कमी झाली, हे खोटे कशाला सांगू? पण दुकान चालू आहे. ते आता चढावरच्या म्हाताऱ्यांना सामान घरपोच देतात.

मित्रांनो, मी या साऱ्यांचे ऋणी आहे. तुमच्या वाटेवरही माझ्यासारखे कुणी असेल. त्याचा एखादा खिळा सैल झाला असेल, तर तेवढा ठोका. आणि कुणी त्याच्यावर फुली मारायला आले, तर त्यांना आधी बसायला सांगा.