विसावी चूल

बीदुक गावात चुली भरत होत्या एकोणीस, आणि वरच्या कचेरीला हव्या होत्या वीस. वीस भरल्या तर पाण्याचा टँकर चालू राहणार, नाहीतर बंद. आता त्या उघड्याबोडक्या डोंगरात माणसं पिकतात की काय? कारभारी बरातअलीने शहरात गेलेल्यांच्या हातापाया पडून त्यांना खानेसुमारीपुरतं परत आणलं, गंजकी कुलपं उघडायला लावली, तरी गाडं एकोणीसवरच अडलं.

शेवटी तो माहसुलतानच्या दारात येऊन बसला.

"तू आणि झीवर एका पातेल्यात जेवता. सरकार त्याला एकच घर धरतं. मोजणीवाली आली की वेगळ्या म्हणून सांगा. बोलण्यापुरतंच गं, मावशी!"

"त्यात काय, आयुष्यभर वेगळ्याच तर होतो," झीवर आतून म्हणाली.

त्या दोघी सवती. नवरा होता तोवर एकमेकींचं तोंड पाहत नव्हत्या. तो गेला. माहसुलतानला मूलबाळ नव्हतं, आणि झीवरचा मुलगा यदुल्ला बिरजंद शहरात ट्रकवर लागला. मग एका हिवाळ्यात सरपण वाचेल म्हणून झीवर आपला वाडगा घेऊन माहसुलतानकडे आली, ती रोजच येऊ लागली. कांदा-अंड्याचं तेच पातळ कालवण, आणि मिठावरून तेच भांडण. माहसुलतानने कुणाला कबूल केलं नसतं, पण त्या भांडणासाठीच ती सकाळी अंथरुणातून उठत होती.

मोजणीच्या दिवशी झीवरने आपल्या खोलीत चूल पेटवली. मोजणीवाली पोरगी शहरातली, बुटांवर धूळ बसली म्हणून वैतागलेली.

"आजी, जेवण एकत्र की वेगळं?"

"हिच्या हातचं?" झीवरने नाक मुरडलं. "त्यापेक्षा उपाशी मरेन! एकटी रांधते, एकटी खाते. मेले तरी हिला वासावरून कळेल."

सगळे हसले. माहसुलतानही हसली. हसला नाही तो एकटा यदुल्ला. तोही मोजणीसाठी आला होता, पण तोंडाचा फाटका म्हणून त्याला हे सोंग कुणी सांगितलंच नव्हतं.

"आई एकटी जेवते?" तो ओरडला. "मी तिकडे निर्धास्त, मोठी आई आहे म्हणून! आई, बोचकं बांध. आजच चल माझ्याबरोबर."

मोजणीवाली अजून अंगणातच होती, दारावर नंबराचा कागद चिकटवत. बरातअलीने तिच्या पाठीमागून हात जोडले. त्याच्या घरात रांजण कोरडा आणि सून बाळंतीण, हे माहसुलतानला माहीत होतं.

 जायचं नाही असं पोराला स्वतःहून म्हणायची नाही झीवर, मोठी मानी बाई. तिने फक्त माहसुलतानकडे पाहिलं.

"तू सांग त्याला," ती हळूच म्हणाली. "तू राहा म्हणालीस तर राहते."

इतक्या वर्षांत झीवरने तिच्याकडे काही मागितल्याचं माहसुलतानला आठवेना. राहा, एवढंच म्हणायचं होतं. पण यदुल्लाने लगेच का म्हणून विचारलं असतं, आणि एकत्र जेवतो हे त्या पोरीने ऐकलं असतं. 

"घेऊन जा रे बाबा," ती म्हणाली. "चुली वेगळ्याच आहेत आमच्या."

झीवरने बोचकं बांधलं. गाडीत बसताना तिला हात द्यायला माहसुलतान पुढे झाली, पण तिने तो घेतला नाही.

"मी सरकारला सोंग करून दाखवलं गं," झीवर म्हणाली. "तू मात्र खरं बोललीस."

गाडी वळणाआड गेली. बरातअली धावत आला, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "वीस भरल्या, मावशी! गाव वाचलं!"

"वाचलं रे," माहसुलतान म्हणाली, आणि झीवरच्या खोलीतली चूल विझवायला गेली.