पाय कुठे असतो?

ड्रायव्हिंग स्कूलमधल्या मास्तरांनी आजवर शेकड्यांनी माणसांना गाडी शिकवली होती. पण त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या, हातून गाडी प्रत्येक चौकात बंद पडत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तसली गत. तिच्या यजमानांची, म्हणजे भाऊजींची, नजर दिवसेंदिवस अधू होत चाललेली. त्यांना दवाखान्यात न्यायचं तर अक्काला गाडी यायलाच हवी होती. मास्तर समजावून थकले, एकदा तर खेकसलेही. अक्का नुसती म्हणाली, "नाही रे जमणार मला या वयात."

शेवटी शुक्रवारच्या बैठकीत मास्तरांनी तोंड उघडलं. ऑफिसच्या मागच्या खोलीत चौघे शिक्षक चहाला बसत. बैठक सुरू केली होती मॅडमनी, त्या सगळ्यांत अनुभवी. नियम एकच: ज्याची अडचण, त्यानं ती सांगायची आणि बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला देणाऱ्यानं सगळ्यांचे कप विसळायचे.

मास्तरांचं बोलणं संपतंय तोच त्यांच्यातला तरुण शिक्षक लंबू म्हणाला, "तिला आधी मोकळ्या मैदानात का नाही नेत?"

"हा सल्लाच आहे," मॅडम म्हणाल्या. "शेपटीला प्रश्नचिन्ह लावलंय एवढंच."

लंबूनं मुकाट्यानं कप गोळा केले. चौथे होते काका, मितभाषी गृहस्थ. त्यांनी विचारलं, "गाडी बंद पडायच्या आधी ती काय करते?"

मास्तर आठवू लागले. "खाली बघते."

"स्वतःच्या पायांकडे?"

"नाही. माझ्याकडच्या बाजूला."

"तिथं काय असतं?" मॅडमनी विचारलं.

"माझा ब्रेक. शिक्षकाचा."

"आणि तुझा पाय कुठे असतो?"

मास्तरांनी आपल्या पायाकडे पाहिलं. कुणी घाई केली नाही. उत्तर जिभेवर आलेलं असूनही लंबू ओठ दाबून बसला, आणि ते त्याला किती जड जात होतं हे सगळ्यांना दिसत होतं.

"ब्रेकवर," मास्तर म्हणाले. "सारखा. दुसऱ्यांच्या वेळी मी पाय बाजूला ठेवतो, गरज पडली तरच नेतो."

"मग अक्काच्याच वेळी का?" काकांनी हळूच विचारलं.

"आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिला काही झालं तर..." मग ते स्वतःच म्हणाले, "म्हणजे भीती तिची नाहीच. माझी आहे."

उठताना त्यांनी मॅडमना विचारलं, "तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं ना?"

"छे. मला वाटत होतं, तिच्या चपला सैल असतील," मॅडम म्हणाल्या. "मी ते बोलले असते तर तू नव्या चपला घेऊन आला असतास."

मास्तरांना हसू आलं, आणि या बाईंबद्दलचा आदर दुणावला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अक्काला बैठकीतलं सगळं सांगून टाकलं. स्टिअरिंगवर हात ठेवून ती म्हणाली, "तुझा पाय हलला की मला वाटायचं, मी काहीतरी चुकले. मग घाबरून क्लच पटकन सुटायचा."

"आधी मैदानात जाऊ," मास्तर म्हणाले. "माझा पाय बाजूला राहील. खरंच गरज पडली तरच ब्रेक लावीन."

मैदानात गाडी दोनदा बंद पडली. अक्कानं खाली न बघता ती पुन्हा चालू केली. आठवडाभरानं ती चौकात आली, थांबली, दोन्हीकडे पाहिलं आणि सहज पलीकडे गेली. मास्तरांनी सीटची कड घट्ट धरली होती, पण पाय जागचा हलला नाही.

लायसन्स मिळालं त्याच महिन्यात अक्का भाऊजींना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. मास्तर मागच्या सीटवर होते. रस्ता नीट दिसत नसल्यानं भाऊजी कान देऊन गाडीचा आवाज ऐकत होते. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "कुणी शिकवलं गं इतकं छान?"

अक्का आरशातून भावाकडे बघून हसली. "याच्या मित्रांनी," ती म्हणाली, आणि भाऊजींच्या बाजूचं दार उघडायला खाली उतरली.