मोटरसायकलची खांदशेक

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांद शेकायची असते, म्हणजे ओझं ओढून थकलेल्या त्यांच्या खांद्यांना तूप-हळद चोळायची. पण सानगडीच्या घनश्यामकडे बैल उरले होते कुठे? ट्रॅक्टर आला नि जोडी गेली. आता अंगणात उभी होती ती त्याच्या पोराची, कमलेशची, शर्यतीची मोटरसायकल. भारत आणि श्रीलंका, दोन्ही देशांचे संघ चेन्नईच्या ट्रॅकवर भिडणार होते आणि कमलेश भारताच्या संघात होता. बापाची छाती शर्टात मावत नव्हती.

"अजी, ते का बैल हाय?" शकुनबाई नवऱ्याला हसली.

"बैलापेक्षा कमी हाय का? देशाचं ओझं हाय तिच्यावर!"

त्यानं पळसाच्या पानानं कोमट तूप-हळद हँडलला लावली, टाकीला लावली, मग चाकातली ती चकचकीत चकतीही मायेनं चोळली. ब्रेक त्या चकतीलाच धरतो, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार! "आज आवतन घे, उद्या जेवाले ये," असं गाडीला म्हणालासुद्धा.

सकाळी निम्मं गाव जमलं. गाडी चेन्नईला नेणारा पिकअप साकोलीला थांबला होता, तिथवर गाडी चालवत न्यायची होती. कमलेश आईच्या पाया पडला नि निघाला. तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, वळण आलं, त्यानं ब्रेक दाबला, तो लागलाच नाही. गाडी दगडांवर आदळली आणि उजव्या मनगटाचा पार चुरा झाला. हा हात आता ॲक्सिलरेटर पिळणार नाही, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं. संघानं दुसरा पोरगा घेतला.

शर्यत बापलेकांनी मोबाइलवर पाहिली. भारत जिंकला. कमलेश डाव्या हातानं मांडीवर टाळ्या वाजवत होता. ते काही घनश्यामला बघवेना.

"मले शिव्या दे रे, बाप्पा! मेकॅनिकनं सांगतलं मले. मीच तूप लावलं ब्रेकले."

"मले माहीत होतं, बाबा."

"आँ? कवा?"

"सकाळीच दिसलं. पण तुमी साऱ्या गावाले दाखवून राहिले होते, पोराच्या गाडीची खांद शेकली म्हणून. किती खुश होते तुमी! तुमच्यासमोर कसा पुसू? पार ओलांडली का पुसतो, म्हणलं."

शिव्या खायची घनश्यामची तयारी होती. पोरानं आपलं मन राखायला हात घालवला, हे आता कुठं ठेवायचं, ते त्याला कळेना.